रात्रीची सायकल: आधी मागचा दिवा, मग बाकी सगळं

रात्री सायकल चालवायला नव्याने सुरुवात करणारे बहुतेकजण दुकानात एकच गोष्ट विचारतात: "रस्ता चांगला दिसेल असा दिवा दाखवा." त्यात चूक काही नाही, पण त्याआधी दुसरा विचार करायला हवा. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला मी किती अंतरावरून दिसणार? शहरात खांबांचा उजेड असतो, त्यामुळे दिव्याशिवाय आपलं निभून जातं. गावाकडे चांदणं असलं की वाट दिसते, आणि रोजची वाट असेल तर खड्डेसुद्धा पाठ असतात. आपल्याला दिसतंय म्हणून दिवा लावायची गरजच वाटत नाही. घात होतो तो इथेच.

पहाटे पाचला फिरायला निघणारे, एमआयडीसीतून दुसरी पाळी संपवून घरी येणारे, पेपर आणि दूध टाकणारे, संध्याकाळी क्लासवरून परतणारी मुलं, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य उगवतो सातच्या सुमाराला आणि संध्याकाळी सहा-सव्वासहाला मावळतो. म्हणजे "मी काही रात्री सायकल चालवत नाही" म्हणणाराही थंडीत निम्मा वेळ अंधारातच असतो.

अंधारात नेमकं काय होतं

समजा, तुम्ही ताशी १५ किलोमीटरने चालला आहात आणि मागून कार ताशी ६० ने येते आहे. तुमच्यातलं अंतर ताशी ४५ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटरने कमी होत जातं. सायकलला बरा लाल दिवा असेल तर सरळ रस्त्यावर तो ३०० मीटरवरून सहज दिसतो. ड्रायव्हरच्या हातात २४ सेकंद असतात. तेवढ्यात तो गिअर कमी करेल, समोरची गाडी जाऊ देईल आणि मग अंतर ठेवून तुम्हाला ओलांडेल.

आता दिवा नाही आणि अंगात काळं जॅकेट आहे असं धरा. डिप्परवर चालणाऱ्या गाडीला तुम्ही फार तर ३०-४० मीटरवर दिसता. ४० धरले तरी हातात तीन सेकंद उरतात. त्यातला दीड सेकंद 'पुढे काहीतरी आहे' हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत संपतो. उरल्या वीसेक मीटरमध्ये गाडी आवरायची किंवा उजवीकडे काढायची. कार असेल, टायर चांगले असतील, रस्ता कोरडा असेल तर जमेल. माल भरलेला ट्रक असेल, पावसाने रस्ता ओला असेल तर जमणार नाही.

आणि हा हिशेब झाला समोरून कोणी येत नसतानाचा. समोरून अप्पर मारत गाडी आली की ड्रायव्हरचे डोळे दिपतात. त्या झगमगाटाच्या शेजारची रस्त्याची डावी कड त्याला अगदी काळी दिसते, आणि सायकलवाला असतो नेमका त्या कडेला. डोळे दिपले की पुन्हा सरावायला काही सेकंद जातात, वय झालेल्या माणसाला आणखी जास्त. तेवढ्यात गाडी पन्नास-साठ मीटर पुढे गेलेली असते.

याच्या उलट आपल्याला मात्र गाडीचे दिवे अर्ध्या किलोमीटरवरून दिसत असतात. त्यामुळे मनात एक खोटी खात्री तयार होते: मला ती गाडी दिसते, तेव्हा तिलाही मी दिसत असणार. दिव्याशिवाय जाणाऱ्या ज्या ज्या माणसाशी मी बोललो, त्याच्या मनात ही समजूत कुठे ना कुठे होतीच. ती नुसतं बोलून जात नाही. प्रत्यक्ष दाखवावं लागतं.

दाखवायची रीत सोपी आहे. गावाबाहेरच्या, रहदारी नसलेल्या रस्त्यावर अंधार पडल्यावर सायकल साइडपट्टीवर स्टँडला लावा. जवळ एकजण उभा करा, पण रस्त्याच्या बाहेर. मग कारमध्ये बसून दोन-तीनशे मीटर मागे जा आणि डिप्परवर सावकाश पुढे या. सायकल कुठे आहे हे ठाऊक असूनही ती दिसायला किती उशीर होतो ते बघा. परत मागे जा, सायकलचा मागचा दिवा लावायला सांगा आणि पुन्हा या. घरातल्या ज्याला दिवा लावायचा कंटाळा आहे त्याला गाडीत शेजारी बसवा.

पहिली पायरी: मागचा लाल दिवा

पैसे एकाच दिव्यापुरते असतील तर मागचा घ्या. पुढून येणारा निदान तुम्हाला दिसतो, बाजूला व्हायला वेळ मिळतो. पाठीमागचं आपल्या हातात काही नसतं.

दोन-तीनशे रुपयांच्या साध्या एलईडी दिव्यापासून सुरुवात होते आणि आकाशाला टेकेल इतक्या किमतीचेही दिवे मिळतात. नव्या माणसाने तीन गोष्टी बघाव्यात. एक, यूएसबीवर चार्ज होणारा असावा, कारण बटणसेलचे दिवे हळूहळू मंद होत जातात आणि ते आपल्या लक्षात येत नाही. दोन, पावसाला टिकणारा असावा. खोक्यावर आयपीएक्स ४ किंवा त्यापुढचा आकडा असेल तर सगळीकडून उडणारं पाणी तो सोसतो. तीन, तो बाजूनेही दिसावा. चौकात आडव्या रस्त्याने येणाऱ्याला तुमची पाठ दिसत नसते. तेव्हा काचेच्या कडेतूनही उजेड बाहेर पडतो का, हे दुकानातच बघून घ्या.

दिवा घेण्यापेक्षा तो लावण्यात जास्त चुका होतात. सीटखालची नळी सरळ उभी नसते, मागे कललेली असते. तिच्यावर दिवा तसाच बांधला की त्याचं तोंड जमिनीकडे जातं. एलईडीच्या काचेतून उजेड एका अरुंद झोतात बाहेर पडतो, त्यामुळे दिशा थोडी चुकली तरी मागच्याला त्याचा जेमतेम काही भाग पोचतो. जुन्या ट्यूबच्या रबराचा तुकडा पाचर म्हणून खाली सरकवा आणि दिव्याचं तोंड जमिनीशी समांतर, बरोबर मागे करा. मग दहा-पंधरा पावलं मागे जाऊन, गुडघ्यात वाकून, कारमध्ये बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा. डोळ्यावर थेट उजेड आला पाहिजे.

आता सायकलवर रोजचं ओझं चढवून पुन्हा बघा. ही तपासणी जवळजवळ कोणीच करत नाही. लांब रेनकोट मागे लोंबतो आणि दिवा झाकतो. कॅरियरवरचा डबा, दप्तर, भाजीची पिशवी, सगळं दिव्याच्या आड येतं. दूधवाल्यांच्या सायकलींकडे बघा: दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले, मधे कॅरियरवर तिसरा, आणि मागच्या मडगार्डवरचा रिफ्लेक्टर कॅनच्या बुडाआड गेलेला. अशा सायकलचा दिवा सीटखाली नको. कॅरियरच्या अगदी मागच्या टोकाला एक पट्टी बोल्टने बसवून घ्या आणि दिवा तिच्यावर लावा. पाठीवरच्या सॅकला दिवा अडकवायची पद्धत मला पटत नाही. आपण पुढे वाकलो की तो आभाळाकडे बघतो आणि चालताना हलत राहतो. दुसरा दिवा म्हणून चालेल, एकुलता एक म्हणून नाही.

लुकलुकता ठेवायचा की स्थिर, यावर सायकलवाल्यांत पुष्कळ वाद होतात. लुकलुकणारा दिवा चटकन लक्ष वेधतो, पण तो किती लांब आहे याचा अंदाज नीट येत नाही. स्थिर दिव्याने अंतर कळतं. माझं मत असं की शहराच्या झगमगाटात आणि दिवसा लुकलुकता ठीक, खऱ्या अंधारात स्थिर. दोन दिवे असतील तर एक स्थिर आणि दुसरा मंद गतीने लुकलुकणारा, हे सगळ्यांत चांगलं. भराभर चमकणारी तऱ्हा रात्री वापरूच नका. गटाने जाताना तर तुमच्या मागच्या सोबत्याला ती असह्य होते.

मागे पांढरा दिवा कधीही लावू नका. लांबून बघणाऱ्याला तुम्ही त्याच्याकडे येताय असं वाटतं.

दुसरी पायरी: पुढचा दिवा, आणि त्याचा रोख

पुढच्या दिव्याची दोन कामं आहेत. खांबांचा उजेड असलेल्या रस्त्यावर काम एवढंच की समोरच्याला, गल्लीतून बाहेर पडणाऱ्याला आणि रस्ता ओलांडणाऱ्याला तुम्ही दिसावं. त्याला १०० ते २०० ल्युमेन (दिव्यातून बाहेर पडणाऱ्या उजेडाचं माप) पुरतात. अंधाऱ्या रस्त्यावर वाटही दाखवायची असते, तिथे ३०० ते ५०० हवेत. घाट उतरायचा असेल तर त्याहून जास्त. स्वस्त दिव्यांच्या खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा खरा धरू नका. दुकानाच्या पाठीमागच्या अंधाऱ्या बोळात लावून बघा, दुकानदार नाही म्हणत नाही.

ल्युमेनइतकंच महत्त्व झोताच्या आकाराला आहे. हँडलला क्लॅम्पने बांधलेल्या टॉर्चचा झोत गोल असतो. त्यातला अर्धा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत आणि झाडांच्या शेंड्यांत जातो. वरून कापल्यासारखा झोत देणारे खास सायकलचे दिवे मिळतात. थोडे महाग असले तरी नेहमी रात्री जाणाऱ्याने तेच घ्यावेत. तुम्ही समोरच्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपवलेत, तर तो तुमच्याच अंगावर येण्याची शक्यता जास्त.

रोख धरायची एक पद्धत सांगतो. दिवा हँडलवर बसवा आणि त्याची जमिनीपासूनची उंची मोजा. समजा ९० सेंटिमीटर भरली. भिंतीपासून पाच मीटरवर सायकल सरळ उभी करा, वर कोणीतरी बसा, कारण वजनाने टायर दबतात. आता झोताचा सगळ्यांत प्रखर मध्य भिंतीवर दिव्याच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे ४५ सेंटिमीटरवर पडेल असा दिवा वाकवा. मग तो मध्य रस्त्यावर दहा मीटर पुढे पडतो. गावातल्या वेगाला एवढं बास. सायकल वेगात जाणारी असेल तर रोख जरा वर घ्या, पण भिंतीवरचा झोत दिव्याच्या उंचीच्या वर जाऊ देऊ नका. क्लॅम्प ढिला असेल तर पहिल्याच स्पीडब्रेकरला रोख बदलतो. म्हणून योग्य जागी आल्यावर स्क्रू आवळा आणि हँडलवर पेनाने खूण करून ठेवा.

मग वेगाचा हिशेब. ताशी २० ने जाताना अडथळा दिसल्यापासून थांबेपर्यंत साधारण १२ मीटर लागतात. उतारावर ताशी ४० झाले की तेच अंतर ३० मीटरच्या आसपास जातं, कारण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. तुमचा दिवा १५ मीटर दाखवत असेल तर उतारावर तुम्ही न दिसणाऱ्या रस्त्यावर सायकल चालवताय. कात्रज असो, खंबाटकी असो की आंबोली, रात्री घाट उतरताना वेग दिव्याच्या पल्ल्याप्रमाणे ठेवा, ब्रेकवर कितीही भरवसा असला तरी.

मोबाइलचा टॉर्च हातात धरून जाणारे रोज दिसतात. एक हात अडकतो, ब्रेक एकच राहतो, उजेड हलतो आणि मोबाइल पडला की माणूस दचकून हँडल वळवतो. नको. डोक्याला बांधायची बॅटरी पंक्चर काढायला फार कामाची आहे, आडवळणावर डोकं वळवून बघायलाही. पण डोकं वळेल तिकडे उजेड जातो, त्यामुळे हँडलवरच्या दिव्याची जागा ती घेऊ शकत नाही.

डायनामोबद्दल चार शब्द. आजोबांच्या पिढीला विचारा, रात्री सायकलला दिवा नसला की पोलीस अडवायचे आणि चाकातली हवा सोडून द्यायचे. घरी चालत जावं लागायचं, म्हणून रॉकेलचा का होईना, दिवा असायचाच. पुढे टायरला घासून फिरणारा सहा व्होल्टचा डायनामो आला. चार्जिंगची कटकट नाही ही त्याची मोठी सोय. थांबलं की दिवा विझतो आणि पावसात रोलर टायरवर घसरतो, हे दोन दोष. चौकात थांबल्यावर मागून कोणी येत असेल तेव्हाच दिवा विझलेला असतो. म्हणून डायनामोवाल्याने मागे एक बॅटरीचा लाल दिवा जोडीला ठेवावाच. घरी जुना डायनामो चालू असेल तर फेकू नका, बल्बच्या जागी एलईडी बसवून घ्या. फरक लगेच कळतो.

तिसरी पायरी: रिफ्लेक्टर आणि पट्ट्या

रिफ्लेक्टरचं काम आलेला उजेड आला त्याच दिशेला परत पाठवायचं. गाडीचा दिवा तुमच्यावर पडला तरच तो चमकतो. समोरून विनादिव्याचा मोटारसायकलवाला आला, गल्लीतून रिक्षा काटकोनात बाहेर पडली, पायी माणूस रस्ता ओलांडू लागला, तर रिफ्लेक्टर तुमच्यासाठी काही करत नाही. तेव्हा दिव्याच्या ऐवजी नव्हे, दिव्याच्या सोबत.

पण सोबतीला ते फार मोलाचे आहेत, कारण त्यांची बॅटरी संपत नाही. ट्रक-ट्रॉलीला लावतात ती दोन इंची चमकणारी चिकटपट्टी ऑटो स्पेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. पुण्यात नाना पेठेत, बाकी कुठल्याही तालुक्याच्या गावात स्टँडजवळ. ट्रकचाच नियम पाळा: मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी. लावण्याआधी मडगार्ड साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. तेलाच्या बोटांवर ती आठवडाभरही टिकत नाही. मागच्या मडगार्डवर, सीटकडे जाणाऱ्या मागच्या दोन नळ्यांवर आणि पुढच्या चिमट्यावर लावा. दुधाचे कॅन असतील तर कॅनलाही लावा. चिखल उडून त्या मळतात, म्हणून पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी ओल्या फडक्याने पुसा.

सगळ्यांत उपयोगी जागा म्हणजे पाय. पायडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर, घोट्याला बांधायची चमकणारी पट्टी, बुटांच्या टाचेवरचा छोटा तुकडा. पाठीवरचं जॅकेट मागच्याला एक स्थिर ठिपका म्हणून दिसतं, ते बोर्ड असेल की झाड हे कळत नाही. वरखाली होणारे दोन ठिपके दिसले की माणूस पायडल मारतोय हे डोक्याला क्षणात उमगतं, विचार करावा लागत नाही. पायडलचे रिफ्लेक्टर 'बरे दिसत नाहीत' म्हणून नवी सायकल घेताच काढून टाकतात, ते कृपा करून ठेवा.

कपड्यांबाबत एक गैरसमज काढून टाकायला हवा. पोपटी किंवा भगवा झगझगीत जर्सीचा रंग दिवसा आणि तिन्हीसांजेला उठून दिसतो, कारण तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर चमकतो. रात्री ते किरणच नसतात, तेव्हा तो साधा फिका कपडा होतो. रात्री कामाची असते ती त्यावरची राखाडी चंदेरी पट्टी. २०० किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या ब्रेव्हेत (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) भाग घेणाऱ्यांना रात्री असं जॅकेट आणि सायकलला पक्के बसवलेले दिवे सक्तीचे असतात. तोच नियम आपल्या दहा किलोमीटरच्या घरच्या वाटेलाही लावावा.

आईवडिलांना आणि शिक्षकांना एक सांगणं आहे. मानव विकास कार्यक्रमातून गावोगाव आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, त्यांची शाळा टिकली. थंडीत शाळा, जादा तास आणि क्लास संपवून त्या परततात तेव्हा अंधार पडलेला असतो. शाळेत एखाद्या शनिवारी सायकली रांगेने लावून सगळ्यांना पट्ट्या चिकटवायला बसवा. दर सायकलीला अर्धा मीटर पट्टी पुरते. दिव्यांसाठी ग्रामपंचायत किंवा गावातली गणेश मंडळं पुढे येतात, त्यांना कोणीतरी जाऊन विचारायला हवं.

चौथी पायरी: रस्त्यावर

उसाचा पट्टा हा वेगळाच विषय आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांत गळीत हंगाम सुरू झाला की थंडीभर रात्री रस्त्यावर बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. बैलगाडीला दिवा नसतो. कारखान्याने मागे लावलेली पट्टी असलीच तर वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, भाऱ्याआड गेलेली असते. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना ऊस हात-दीड हात बाहेर आलेला असतो, नेमका सायकलवाल्याच्या खांद्याच्या उंचीवर. मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते आणि चढावर डुलते. ट्रॅक्टर तुम्हाला ओलांडून पुढे गेला म्हणून लगेच कडेवरून पुन्हा आत येऊ नका, मागे दुसरी ट्रॉली आहे असंच धरून चाला. शक्य असेल तर साइडपट्टीवर उतरून थांबा आणि सगळं पुढे जाऊ द्या. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यावर चाक गेलं की सायकल खालून निसटते. पाचट ओलं असेल तर आणखीच. या रस्त्यांवर पुढचा दिवा ५०० ल्युमेनच्या खाली नको, कारण बिनदिव्याची बैलगाडी तुम्हाला स्वतःच्याच उजेडात शोधायची आहे.

असाच दुसरा धोका उभ्या ट्रकचा. बंद पडलेला, टायर काढून ठेवलेला, मागे दोन दगड आणि झाडाची फांदी ठेवलेला. कडेने चालणारा सायकलवाला थेट त्याच्या मागच्या फळीवर जातो. महामार्गाच्या साइडपट्टीवर रात्री मान खाली घालून पायडल मारू नका.

समोर एकच दिवा दिसला म्हणून मोटारसायकल समजू नका. एक दिवा गेलेला टेम्पो किंवा ट्रॅक्टर असू शकतो, आणि जळतो तो कधी डावा असतो, कधी उजवा. तो पूर्ण जवळ येईपर्यंत त्याची रुंदी मोठीच धरा.

समोरून अप्पर आला की दिव्याकडे बघायचं नाही. नजर डावीकडे खाली, रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची, पायडल थांबवायचं, वेग कमी करायचा. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. एका अप्परने ती कमाई जाते. मधेमधे मोबाइलचा पडदा बघत राहिलात तरी तेच होतं, म्हणून नकाशा बघायचाच असेल तर उजेड अगदी कमी करून बघा.

अंतर वाचवायला उलट्या बाजूने जाऊ नका. मागच्या उदाहरणातच बघा: एका दिशेला असताना अंतर ताशी ४५ ने मिटत होतं, समोरासमोर आलात की ७५ ने. शिवाय तुमचा लाल दिवा त्याला दिसतच नाही.

रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून जाऊ नका. तिथे वाळू, फुटलेली कड, गटाराच्या जाळ्या आणि काचा असतात. त्या चुकवायला तुम्ही अचानक उजवीकडे याल आणि मागच्याला ते अपेक्षित नसतं. कडेपासून हात-दीड हात आत, सरळ रेषेत चाला. वळायचं असेल तर आधी मागे बघा, हात पूर्ण लांब करा आणि मगच वळा. बाहीवर चमकणारी पट्टी असेल तर हा हात दिसतो, नाहीतर अंधारात हात दाखवणं वाया जातं.

पाऊस पडत असेल आणि चष्मा असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: थांबा. ओल्या काचेवर समोरचा प्रत्येक दिवा फुटून पसरतो आणि त्यात रस्ता सापडत नाही.

जर्मनीला किंवा नेदरलँड्सला शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांनी तिथे जुनी सायकल घेताना आधी दिवे तपासावेत. दोन्हीकडे अंधारात दिवे सक्तीचे आहेत, नसले तर पोलीस दंड करतात, आणि सायकलवर लुकलुकता दिवा तिथे चालत नाही. स्थिरच हवा. इथून नेलेला दिवा नुसताच लुकलुकणारा असेल तर त्याचा उपयोग नाही.

पाचवी पायरी: दिवा चालू ठेवणं

बहुतेकांचे दिवे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बंद पडतात ते बिघाडाने नव्हे, चार्ज न केल्याने. मोबाइलच्या शेजारीच दिव्याची वायर कायमची ठेवा. रोज जाणाऱ्याने आठवड्याचे दोन वार ठरवून टाकावेत. पूर्ण प्रखरतेवर तुमचा दिवा किती तास चालतो ते एकदा घरी लावून घड्याळ लावून बघा. खोक्यावर लिहिलेले तास बहुधा सगळ्यांत मंद उजेडाचे असतात. उन्हाळ्यात वापर नसेल तरी महिना-दोन महिन्यांनी चार्ज करा, लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी पडून राहिली की खराब होते. चार्जिंगच्या छिद्रावरचं रबरी बूच पावसात नीट बसलेलं असावं, आणि आत पाणी गेलं असेल तर वाळल्याशिवाय वायर जोडू नका.

सायकलच्या पिशवीत एक छोटा लाल दिवा जास्तीचा ठेवा. निघताना दोन्ही दिवे लावून हात पाठीमागे नेऊन तळव्यावर लाल उजेड पडतो का ते बघा. बसल्या जागी होतं, उतरावं लागत नाही.

आणि तरीही वाटेत दिवा गेलाच तर? पुढचा गेला असेल आणि रस्ता उजेडाचा असेल, तर मागचा दिवा लावून सावकाश जाता येतं. मागचा गेला आणि अंधाराचा रस्ता असेल तर सायकलवरून उतरा. रस्त्याच्या उजव्या कडेला, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने, साइडपट्टीवरून सायकल हातात धरून चाला. सायकल तुमच्या आणि रस्त्याच्या मधे असू द्या. मोबाइलचा टॉर्च लावून जमिनीकडे धरा, म्हणजे समोरच्याला पायांची हालचाल दिसते. सोबत दिवा असलेला कोणी असेल तर चालवत जाता येईल, पण दिवेवाल्याने मागे राहायचं, पुढे नाही. तोही नसेल तर जवळच्या ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर थांबा, अर्ध्या तासाच्या चार्जिंगने लहान लाल दिवा घरी पोचण्यापुरता नक्की चालतो. वायर सोबत असली म्हणजे झालं.